आघाती आणि आघातविरहित मुद्रक : निवड कशी करावी?

संगणकातील मजकूर कागदावर उमटविणाऱ्या यंत्रास मुद्रक अथवा प्रिंटर म्हणतात. त्याचे आघाती आणि आघातविरहित असे दोन मुख्य प्रकार आहेत. कार्यालयाची गरज कोणती, हे ध्यानी घेऊन त्यांतून निवड केल्यास खर्च वाचतो आणि दप्तरही सुरक्षित राहते.

आघाती मुद्रकाचे तत्त्व टंकलेखन यंत्राचेच आहे. शाईच्या फितीवर आघात होऊन अक्षर उमटते. डॉट मॅट्रिक्स मुद्रकात हे काम ९ किंवा २४ बारीक सुया करतात. देवनागरीतील मात्रा, रफार व जोडाक्षरे २४ सुयांच्या यंत्रावर अधिक सुस्पष्ट येतात. या यंत्राचा आवाज मोठा आणि गती बेताची असते. परंतु एकाच आघातात कार्बनखालील प्रतीही निघतात.

हवेली तालुक्यातील लोणी काळभोर येथे तेल कंपन्यांची इंधन साठवण केंद्रे आहेत. टँकरने माल पाठविताना चालक, पंपचालक आणि केंद्र या प्रत्येकाला पावतीची प्रत हवी असते. अशा व्यवहारात हा मुद्रक विशेष उपयोगी पडतो. सर्व प्रती एकाच वेळी उमटत असल्याने त्यांतील आकडे तंतोतंत जुळतात व पुढील वाद टळतात. बँकेच्या जाड पासबुकावर नोंदी करण्यासाठीही हाच प्रकार सोयीचा ठरतो.

आघातविरहित मुद्रकात कागदावर ठोका पडत नाही. लेसर मुद्रकात प्रकाशकिरण फिरत्या ढोलावर विद्युतभाराच्या साहाय्याने अक्षरांची आकृती रेखतो. तेथे चिकटलेली टोनरची भुकटी कागदावर येते आणि उष्णतेने पक्की होते. इंकजेट मुद्रक शाईचे सूक्ष्म थेंब फवारतो. औष्णिक मुद्रकाला शाई लागत नाही. त्याचा रसायनलेपित कागद उष्णतेने काळा होतो. एस. टी. वाहकाच्या यंत्रातून मिळणारे तिकीट याच जातीचे असते.

दि. १ मे २०१८ रोजी राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा देण्यास प्रारंभ झाला. त्यावरील पडताळणी क्रमांक स्पष्ट वाचता येणे आवश्यक असते. अशा उताऱ्यांसाठी लेसर मुद्रक योग्य होय. रंगीत नकाशे व शालेय तक्ते यांसाठी इंकजेट उपयुक्त आहे. मात्र त्याची काही प्रकारची शाई पाणी लागताच पसरते.

औष्णिक पावतीवरील अक्षरे ऊन, उष्णता आणि काळ यांमुळे पुसट होत जातात. काही वर्षांनी लेखापरीक्षणाच्या वेळी कोरा कागद हाती येऊ नये, यासाठी ग्रामपंचायती व शाळांनी अशा पावतीची छायाप्रत त्वरित काढून मूळ पावतीसोबत जोडावी.

सारांश, एकाच वेळी अनेक प्रती हव्या असतील तर आघाती, सुबक व टिकाऊ अभिलेखासाठी लेसर, रंगकामासाठी इंकजेट आणि तात्कालिक पावतीसाठी औष्णिक मुद्रक निवडावा. यंत्राची किंमत पाहताना फीत, टोनर व शाई यांचा वर्षभराचा खर्चही अवश्य विचारात घ्यावा.