नळाचे पाणी सुरू होते विहिरीपाशी



सकाळी नळ सुटला की हंडे-कळश्या भरायची घाई होते. पाणी आले नाही, की आपण ग्रामपंचायतीच्या नावाने बोटे मोडतो. पण हे पाणी येते कसे, ते एकदा समजून घ्या.

गावच्या विहिरीवरचा पंप पाणी उंच टाकीत चढवतो. टाकीतून ते उताराने घरोघर पोचते. टाकी भरली, की जलसुरक्षक टीसीएल पावडर घालतो. प्रमाण हजार लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. पावडर बादलीत कालवावी, वरची निवळी टाकीत ओतावी आणि अर्धा तास थांबून मग पाणी सोडावे. शेवटच्या घरच्या नळाचे पाणी ओटी चाचणीत पिवळसर झाले, की औषध तिथवर पोचले असे समजावे. त्या पाण्याला थोडा वास येतो म्हणून नाक मुरडू नका. तोच वास लेकरांना हगवणीपासून वाचवतो.

आता हिशेब पाहा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले. दीड हजार वस्तीच्या गावाला रोज ८२,५०० लिटर लागणार. यात गोठा धरलेला नाही. उन्हाळ्यात दुभती म्हैस एकटीच एका माणसाच्या वाट्याइतके पाणी पिऊन जाते. म्हणून ज्यांची विहीर आहे, त्यांनी जनावरांना तिचेच पाणी पाजावे.

माझ्या नोकरीत पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका गावात पाऊसकाळ बरा होऊनही एप्रिलमध्येच नळ बंद पडले. पंप ठीक, पाइप ठीक. विहिरीत मात्र पाणी नव्हते. शेजारच्या शिवारात उसासाठी दोन खोल बोअर झाले होते. पुढे बोअरवाल्यांच्या घरच्या बायाही टँकरपुढे हंडे घेऊन उभ्या राहिल्या. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो, हे त्या गावाला फार उशिरा कळले.

म्हणूनच महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास बंदी घातली. बोअरची गाडी बोलावण्याआधी ग्रामपंचायतीत विचारा. गावच्या विहिरीजवळ शेत असेल, तर उसाऐवजी ज्वारी-हरभरा घ्या, नाहीतर ठिबक बसवा. वरच्या अंगाच्या ओढ्यावर बंधारा असेल, तर पावसाळ्याआधी त्यातला गाळ काढा.

शेवटी पाणीपट्टी. पंपाचे वीजबिल, पावडर आणि जलसुरक्षकाचे मानधन यांना पैसा लागतो. पट्टी थकली, की वीजबिल थकते आणि मग पंप थांबतो. पट्टी वेळेवर भरा आणि ग्रामसभेत तिचा हिशेबही मागा. पट्टी भरणाऱ्याला हिशेब विचारताना संकोच वाटत नाही.