कोणत्याही खिडकीवर कोणतीही गाडी

मोबाइलवर तिकीट काढणाऱ्या पिढीचा असा समज असतो की, रेल्वे आरक्षणात संगणक आला तो इंटरनेटबरोबर. प्रत्यक्षात तो बराच आधी आला. १९८५च्या अखेरीस नवी दिल्लीत प्रयोग सुरू झाला आणि १९८७मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रासची पाळी आली. 'इम्प्रेस' नावाची ही प्रणाली घडवली होती सीएमसी या तेव्हाच्या सरकारी कंपनीने. उदारीकरण अजून काही वर्षं दूर होतं. सरकारी खातं नवं तंत्रज्ञान नेहमी सर्वांत शेवटी स्वीकारतं, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ही तारीख जरूर लक्षात ठेवावी.

दुसरा समज अधिक खोल रुजलेला आहे: हाताने होणारं काम यंत्राने भराभर होऊ लागलं, एवढाच काय तो बदल. आरक्षणाची जुनी पद्धत पाहिली की हे किती अपुरं आहे ते कळतं. तेव्हा गाडीगाडीचं रजिस्टर असे. त्यात तारखेनुसार डबे आणि बर्थ आखलेले, त्यापुढे प्रवाशांची नावं हाताने लिहिलेली. रजिस्टर एकाच कारकुनापुढे असणार, म्हणून त्या गाडीची खिडकीही ठरलेली आणि रांगही. शेजारची खिडकी रिकामी असली तरी तिचा उपयोग नाही, कारण तिथे दुसऱ्या गाडीचं रजिस्टर. परतीचं आरक्षण हवं असेल तर दुसऱ्या टोकाच्या स्टेशनला तार जायची आणि उत्तराची वाट पाहावी लागायची.

संगणकाने हे रजिस्टर एकाच वेळी अनेक खिडक्यांवर उघडलं. कोणत्याही खिडकीवर कोणतीही गाडी, हा खरा बदल. वेग त्यामागून आला. पण त्यासाठी एक बर्थ दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी विकला जाणार नाही, याची तजवीज करावी लागली. अंतरानुसार भाडं, वर्ग, सवलती, स्त्रियांचा कोटा, मधल्या स्टेशनांचे कोटे, प्रतीक्षायादीचा क्रम, रद्द तिकिटाचा परतावा असे सगळे नियम यंत्राला समजतील इतक्या काटेकोरपणे मांडावे लागले. अनुभवी कारकून अडलेल्या ठिकाणी विचार करून मार्ग काढतो. यंत्राला मात्र प्रत्येक अपवाद आधीच सांगावा लागतो. कोणत्याही संस्थेच्या संगणकीकरणात सर्वाधिक कष्ट इथेच पडतात आणि त्यांची दखल सर्वांत कमी घेतली जाते.

बरं, संगणक आला म्हणून देश लगेच जोडला गेला का? नाही. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच केंद्रांचे संगणक बरीच वर्षं आपापल्या भागापुरते चालत होते. ते जोडण्यासाठी 'क्रिस' या रेल्वेच्याच १९८६मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने 'कॉन्सर्ट' ही नवी प्रणाली लिहिली. ती १९९४मध्ये सिकंदराबादला सुरू झाली आणि पाचही केंद्रं एका जाळ्यात यायला १९९९चा एप्रिल उजाडला. पहिल्या प्रयोगापासून तेरा वर्षांहून अधिक काळ! या रचनेची खूण आजही प्रत्येक तिकिटावर असते. दहा आकडी पीएनआर ८ किंवा ९ने सुरू होत असेल, तर तो मुंबई केंद्राचा.

'आयआरसीटीसीचा सर्व्हर बसला' ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यामागेही एक गैरसमज आहे. आयआरसीटीसी हे तिकीटविक्रीचं ऑनलाइन दार आहे. बर्थचा मूळ हिशेब ठेवते ती क्रिसची प्रणाली. स्टेशनवरची खिडकी आणि हातातला मोबाइल दोन्ही तिथूनच जागा मागतात. हे दार ऑगस्ट २००२मध्ये उघडलं तेव्हा पैसे भरले जायचे इंटरनेटवर, पण छापील तिकीट घरी यायचं कुरियरने. त्यामुळे ऐन वेळच्या प्रवासाला ही सोय कुचकामी होती. कागद टिकला, कारण तिकीट म्हणजे रेल्वेने छापलेला कागद हा नियम टिकला होता. २००५मध्ये ई-तिकीट आलं आणि प्रवाशाने स्वतः छापलेला कागद ओळखपत्रासह चालू लागला. मोबाइलवरचा संदेश पुरेसा मानला जायला आणखी काही वर्षं गेली. आज ८० टक्क्यांहून अधिक आरक्षित तिकिटं ऑनलाइन निघतात. ही झेप घेताना तिकीट म्हणजे काय, याचीच व्याख्या रेल्वेला बदलावी लागली.

राहिला चाकरमान्यांचा जिव्हाळ्याचा प्रश्न. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण उघडताच काही मिनिटांत भरतं, तेव्हा यंत्रणा सुधारली की तिकीट मिळेल असं वाटणं स्वाभाविक आहे. पण संगणक बर्थ वाढवत नाही. आहेत तेवढेच वाटतो. वाटपात गैरप्रकार होऊ नयेत म्हणून मात्र त्याचा उपयोग होतो, तोही नियमांची जोड असेल तर. जुलै २०२५पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी सक्तीची झाली आणि तत्काळ सुरू झाल्यावर पहिला अर्धा तास अधिकृत एजंटांना मनाई झाली. कोकणातल्या जादा गाड्या, जादा डबे आणि दुहेरी मार्ग यांची मागणी त्याने मिटत नाही. ती रुळांवरच पूर्ण करावी लागेल.