तांब्यावरची मैफल

‘ल काँसेर’ भिंगाखाली धरलं की आधी माणसं दिसतच नाहीत. दिसतात त्या रेघा. ओग्युस्तँ द सँतोबँच्या चित्रावरून आंत्वान-झाँ द्युक्लोने १७७४ मध्ये पॅरिसला केलेलं हे मुद्राचित्र. श्रीमंताघरचं उंच दालन, हार्पसिकॉर्ड, सोबतीला वादक आणि खुर्च्यांवर नटूनथटून बसलेली मंडळी. त्यातले कितीजण खरंच ऐकताहेत, याची मला शंकाच आहे.

या रेघा कुठून आल्या ते एचिंगच्या टेबलाशी उभं राहिल्यावर नीट कळतं. तांब्याची प्लेट गरम करून तिच्यावर मेण, राळ आणि डांबराचा पातळ थर द्यायचा आणि तो मेणबत्तीच्या काजळीवर धरून काळा करायचा. मग सुई फिरली की काळ्यात तांबडी रेघ लखलखते. जे चमकतंय तेच कागदावर काळं उमटणार, याची डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. सुईने जोर करायचा नाही, नुसतं मेण हटवायचं. तांबं खाणार ॲसिड.

त्या काळी प्लेटच्या कडेने मेणाचा बांध घालून आत नायट्रिक ॲसिड ओतत. रेघांवर बुडबुडे धरतात, ते पिसाने हलकेच सारावे लागतात. राहिले तर रेघ तुटक खाल्ली जाते. फिकी मागची भिंत हवी तेवढी खाल्ली गेली की ॲसिड काढून तिच्यावर व्हार्निश फिरवायचं आणि पुढच्या कपड्यांचे गडद घोळ पुन्हा ॲसिडखाली सोडायचे. दालनाची खोली अशी मिनिटांच्या हिशेबाने तयार होते. चित्रकाराची प्रतिभा वगैरे ठीकच. इथे घड्याळाकडे लक्ष असलेला माणूस लागतो.

मैफलीच्या चित्रात आणखी एक पेच असतो. छाप प्लेटच्या उलट उमटतो. मूळ चित्र जसंच्या तसं तांब्यावर उतरवलं तर छापात सगळे व्हायोलिनवाले डावखुरे! म्हणून रेखाटन उलटं उतरवून घेत, नाहीतर आरशात बघून काम करत.

ॲसिडनंतर ब्युरिन. लाकडी मुठीच्या या पोलादी हत्याराची मूठ तळहातात रोवून तांबं कोरत पुढे ढकलतात. एचिंगने बांधणी व्हायची. ब्युरिनने सावल्या भरायच्या आणि रेशमाला झळाळी आणायची. ब्युरिन लागण्याआधीचे निव्वळ एचिंगचे छापही हौशी लोक जमवत. मला तेच अधिक आवडतात. त्यांत हात मोकळा दिसतो, पुढे कपड्यांची इस्त्री जरा जास्तच होते.

मग शाई चोळायची, पुसायची, ओलसर कागद ठेवून प्लेट रुळांतून काढायची. तांबं मऊ, प्रत्येक पुसण्याने, प्रत्येक दाबाने थोडं झिजतं. सगळ्यात आधी जातात त्या उथळ रेघा. त्यामुळे जाणकार छाप हातात घेतला की वादकांकडे नंतर बघतो, आधी मागची भिंत तपासतो.