रात्री हात झटकून उठता का?

चाळिशी ओलांडली की माणूस चष्मा लावतो, गुडघ्याला तेल चोळतो. पण हाताची तक्रार तो कोणापाशी करीत नाही. हाताच्या बळावर भाकर खाणाऱ्या आपल्या घरांत तर नाहीच नाही. 'हात दुखतो' म्हणावे तर काम थांबेल, ही धास्ती. आम्हीही तेच केले.

आमची नोकरी कारकुनाची. दिवसभर कार्यालयात संगणक आणि रजिस्टर. संध्याकाळी वस्तीत कुणाचा रेशनकार्डाचा अर्ज, कुणाच्या मुलाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म. गेल्या हिवाळ्यात उजव्या अंगठ्याला व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊ लागल्या. रात्री दोन-तीन वाजता हात इतका बधिर होई की तो आपला वाटेना. उठून झटकला की बरे वाटे. लिहिताना पेन निसटू लागले, तेव्हा कुठे आम्ही सरकारी रुग्णालयाची पायरी चढलो.

डॉक्टरबाईंनी विचारले, "करंगळीला मुंग्या येतात का?" आम्ही म्हणालो, "नाही." त्यांनी दोन्ही हातांचे तळवे खाली वाकवून पाठीला पाठ लावून एक मिनिट धरायला सांगितले. मिनिट संपायच्या आतच बोटे झिणझिणू लागली. त्या म्हणाल्या, "याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात."

नाव मोठे असले तरी गोष्ट समजण्यासारखी आहे. मनगटात ८ लहान हाडे असतात. त्यांच्यावर तळव्याच्या बाजूने एक जाड पट्टा असतो. हाडे आणि पट्टा यांच्यामधल्या अरुंद बोगद्यातून बोटे वाकवणाऱ्या ९ दोऱ्या आणि एक नस हातात जाते. आत सूज आली की जागा कमी पडते आणि नस दाबली जाते. ही नस अंगठा, त्याच्या जवळची दोन बोटे आणि करंगळीशेजारच्या बोटाचा अर्धा भाग यांना संवेदना देते. करंगळीची नस वेगळी, म्हणून करंगळी सुटते. झोपेत मनगट वाकलेले राहते, म्हणून त्रास रात्री वाढतो.

घरी येऊन आम्ही मोठ्या उत्साहाने ती हात वाकवण्याची चाचणी पत्नीला करून दाखवली. तिने भाकरीच्या पिठाचे हात पुसले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "अहो, हे तर माझं रोजचंच आहे. दोन वर्षं झाली."

आम्ही तिचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो, तो सपाट झाला होता. पंचवीस वर्षांच्या संसारात आम्ही तो हात नीट पाहिलाच नव्हता. "सांगितलं का नाहीस?" आम्ही विचारले. "सांगून काय करायचं? धुणी-भांडी थोडीच थांबणार होती?" ती म्हणाली. साऱ्या वस्तीचे अर्ज आम्ही लिहिले. घरातला एक अर्ज मात्र दोन वर्षे वाचायचा राहून गेला.

दुसऱ्याच आठवड्यात तिला घेऊन गेलो. रक्त तपासले तेव्हा थायरॉईड कमी निघाले. नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो, ही तपासणीही झाली. आमचा त्रास सुरुवातीचा होता. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा सहा आठवडे बांधला आणि झोप लागू लागली. तिची नस मात्र फार दबली होती. शस्त्रक्रिया करावी लागली. फक्त हातापुरती भूल देऊन मनगटातला तो जाड पट्टा कापून नसेला जागा करून देतात. त्याच दिवशी घरी सोडतात. तिच्या मुंग्या गेल्या, ती रात्रभर झोपते. पण अंगठ्याचे गेलेले मांस पुरते भरून आले नाही. ब्लाउजचे हुक लावताना बोटे अजून अडखळतात. लवकर आलो असतो तर कदाचित हे टळले असते.

म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. मधुमेह, कमी थायरॉईड, संधिवात, लठ्ठपणा यांत त्याची शक्यता वाढते. गरोदरपणीही होतो, पण बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो. 'संगणकामुळेच होतो' हा समज तितकासा खरा नाही. जोर लावून तेच तेच काम करणारे आणि थरथरणारी यंत्रे धरणारे हात अधिक धोक्यात असतात. पिळे घालून कपडे पिळण्यापेक्षा निथळत ठेवावेत, कामात मधूनमधून हात मोकळे करावेत. काहींना डॉक्टर मनगटात सूज उतरवणारे इंजेक्शन देतात. त्याने काही काळ आराम पडतो. ताकदीच्या गोळ्या आपल्या मनाने खाऊन किंवा जोराने मालीश करून दाबलेली नस सुटत नाही.

प्रत्येक बधिरपणा हाच आजार असतो असेही नाही. करंगळी बधिर होत असेल, मान दुखत असेल, तर कारण दुसरीकडे असू शकते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. त्याची औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि रोग बरा होतो. एकाएकी हाताची ताकद गेली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. तेव्हा घडीचाही उशीर न करता रुग्णालय गाठावे.

ज्यांच्या पगारातून कामगार विम्याची, म्हणजे ईएसआयची कपात होते, त्यांच्या कुटुंबालाही तिथे उपचार मिळतात. तो हक्क आहे, वापरावा.

बंधूंनो, आज रात्री जेवणे झाली की घरातल्या माउलीला एवढेच विचारा, "रात्री हात झटकून उठतेस का?" ती आधी "काही नाही" म्हणेल. तेवढ्यावर थांबू नका. तिचा हात हातात घेऊन अंगठ्याचे बूड पाहा. आणि उरलेली भांडी त्या रात्री तुम्हीच घासा. आमच्या घरी आता तसेच चालते.