वाचनालयात वाचकाला बोलता आले पाहिजे!

मागच्या बुद्धजयंतीला आम्ही आचऱ्याजवळच्या एका बौद्धवाडीत गेलो होतो. वंदना झाली, भाषणे झाली आणि खीरवाटप सुरू असताना एका तरुणाने मोबाईल आमच्यापुढे धरला. पडद्यावर बाबासाहेबांचे चित्र, खाली चार ओळींचा विचार आणि त्याखाली ठळक अक्षरांत बाबासाहेबांचे नाव. सकाळपासून त्याने तो किती तरी जणांना पाठवला होता. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी चष्मा सावरून तो वाचला आणि विचारले, ''वकीलसाहेब, ह्या बाबासाहेबांनी खंय लिवलेला आसा?''

खरे सांगायचे तर आम्हाला उत्तर देता आले नाही. विहारात काचेचे कपाट होते. कपाटात शासनाने छापलेले बाबासाहेबांचे खंड होते, काहींचे तर प्लास्टिकही निघाले नव्हते. कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी मुंबईला! विचार मोबाईलवर गावभर फिरत होता आणि तो खरा की खोटा हे सांगणारा ग्रंथ कुलपात होता. समाजबांधवांनो, आजच्या आमच्या वैचारिक अवस्थेचे याहून बोलके चित्र दुसरे कोणते?

काही सुशिक्षित मंडळी म्हणतात, मोबाईल आला, आता वाचनालयांचे काम संपले. आमचे मत उलट आहे. ज्या दिवशी प्रत्येकाच्या खिशात छापखाना आला, त्या दिवसापासून ग्रंथपालाची गरज वाढली. मात्र पुस्तक द्यायचे, तारीख टाकायची आणि पुस्तक परत घ्यायचे एवढ्यावर त्याला यापुढे थांबता येणार नाही.

पूर्वीची संकेतस्थळे सूचनाफलकासारखी होती. वाचायचे आणि निघायचे. २००४-०५ च्या सुमारास 'वेब २.०' हा शब्द रूढ झाला आणि ग्रंथालयशास्त्रानेही त्यावरून 'लायब्ररी २.०' हा शब्द घेतला. अर्थ साधा आहे. वाचकाने नुसते वाचायचे नाही. लिहायचे, दुरुस्त करायचे, भर घालायची, प्रश्न विचारायचा. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच तत्त्वावर चालतो. आम्हाला यात नवल वाटत नाही. ज्याला बोलू दिले जात नव्हते त्याला बोलते करण्यासाठीच ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला होता. साधन आज आले, विचार शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांनीच दिला.

परंतु बोलायला जागा मिळते तेव्हा ती कोणाला मिळते, हेही पाहावे लागते. कोकणात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. ज्याला अक्षरच शिकू दिले नाही त्याला ग्रंथालयाचे दार उघडे काय नि बंद काय! १९२३ साली सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचे ठरले आणि त्याच्या अंमलासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने शासकीय निधीतून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक जागांवर जातीवरून आडकाठी करण्यास मनाई केली. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली हजारो ग्रंथालयांना शासनाचे अनुदान मिळते. म्हणजे तो पैसा तुमचा-आमचाही आहे. आचऱ्यात श्री रामेश्वर वाचन मंदिर आहे, कोकणात गावोगावी अशी वाचनालये आहेत. तेथे सभासद होणे, पुस्तक मागणे, सूचना करणे हा आमचा हक्क आहे. आमच्यापैकी किती जण तो बजावतात?

आता ही ग्रंथालये संगणकावर जाऊ लागली आहेत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' ही प्रणाली आहे. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली 'कोहा' ही प्रणाली तर कोणालाही फुकट वापरता येते. पुस्तकांची यादी घरबसल्या दिसते, वाचकाला पुस्तकावर अभिप्राय लिहिता येतो, हवे ते पुस्तक सुचवता येते, स्वतःच्या शब्दांत विषयाची खूण लावता येते. ही शेवटची सोय किरकोळ वाटेल, पण ती किरकोळ नाही. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा बाबासाहेबांचा १९२३ चा ग्रंथ चलनाचा आहे, अर्थशास्त्राचा आहे. तो 'दलित साहित्य' असे लिहिलेल्या फळीवर ठेवला की अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या हाती तो लागत नाही. ग्रंथकाराची जात पाहून ग्रंथाची जागा ठरली! वाचकाला खूण लावण्याचा अधिकार मिळाला तर ही चूक आमचा एखादा बी. कॉम. झालेला मुलगा दोन मिनिटांत दुरुस्त करील.

दुसरे काम गावच्या इतिहासाचे. कोकणातली वाडी निम्मी गावात आणि निम्मी मुंबईत असते. सभेची इतिवृत्ते, वर्गणीची पावतीपुस्तके, धर्मांतरानंतरचे फोटो, 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे अंक, हे सारे मुंबईच्या चाळीतल्या पोटमाळ्यावर किंवा गावच्या पेटीत पडले आहे. दमट हवा आणि वाळवी त्याचा रोज घास घेते. समजा, ग्रंथपालाने असा एक जुना फोटो संगणकावर चढवला आणि खाली विचारले, यात कोण कोण आहेत? मुंबईला असलेली एखादी आजी नातवाच्या मोबाईलवर तो पाहील आणि सांगेल, डावीकडून तिसरी माझी आई. दुसरा कोणी साल सांगेल, तिसरा ते चुकीचे म्हणून दुरुस्त करील. एक माणूस पाच वर्षांत करू शकणार नाही ते काम वाडी मिळून पाच महिन्यांत करील. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ शिकले. त्याच विद्यापीठाने 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' टिपांसह आणि आवृत्त्यांतील फरकांसह संगणकावर वाचायला ठेवला. न्यूयॉर्कला सुचले ते आचऱ्याला का सुचू नये?

यावर कोणी म्हणेल, फेसबुक आहे, व्हॉट्सॲपचे गट आहेत, वाचनालय कशाला? त्यांनी ऑर्कुट आठवावे. आमच्या तरुणांनी तेथे रात्र-रात्र वाद घातले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. १५ डिसेंबर २०२० रोजी याहूचे गटही गेले. कंपनीच्या ओसरीवर मांडलेला संसार कंपनीने उठवला की उठतो. ग्रंथपालाचे काम जपण्याचे आहे. म्हणून चर्चा हवी तेथे करा, पण अस्सल कागद, त्याची प्रत आणि त्याची नोंद ग्रंथालयात ठेवा.

कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(एन) ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळ असलेल्या पुस्तकाची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवू देते. बाबासाहेबांच्या हयातीत छापलेल्या ग्रंथांची साठ वर्षांची मुदत २०१६ अखेर संपली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ च्या मूळ इंग्रजी ग्रंथाची २०१७ अखेर. अनुवादांची आणि शासनाच्या खंडांतून प्रथमच छापल्या गेलेल्या लिखाणाची मुदत वेगळी मोजावी लागते, ती विचारून घ्यावी. खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीची डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती. ग्रंथ कागदावर मिळेना, अशा वेळी कायद्याने मोकळी असलेली संगणकीय प्रत गावच्या वाचनालयातून वाचायला मिळाली पाहिजे.

मात्र पथ्येही आहेत. कोणी कोणते पुस्तक नेले ही माहिती ग्रंथपालाने गटात टाकता कामा नये. वाचकाचे वाचन हा त्याचा खासगी मामला आहे. कोणाचा फोटो, कोणाची आठवण चढवायची तर आधी संमती घ्यावी. वेगळे मत आले म्हणून ते पुसू नये, पण जातिवाचक शिवीगाळ एक दिवसही ठेवू नये. आणि ज्यांच्याकडे मोबाईल नाही, ज्यांच्या वाडीत रेंज नाही, त्यांच्यासाठी कागदी यादी आणि सूचनावही चालूच राहिली पाहिजे. नाहीतर जुन्या अस्पृश्यतेच्या जागी नवी उभी राहील. ग्रंथपालालाही हे सारे शिकवावे लागेल आणि त्याचा योग्य पगार द्यावा लागेल. तुटपुंज्या अनुदानातून पुस्तके, वीजबिल आणि पगार भागवणाऱ्या माणसाकडून चमत्काराची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले, आणि त्या संस्थानात पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले. ग्रंथ माणसापर्यंत पोहोचला की काय घडते, हे आम्हाला आणखी कोणी सांगण्याची गरज नाही.

त्या आजोबांच्या प्रश्नाचे पुढे काय झाले? घरी येऊन आम्ही आमच्याजवळचे खंड चाळले. त्या चार ओळी आम्हाला सापडल्या नाहीत. शोधता शोधता आणखी एक गोष्ट डोळ्यांखाली आली. आपल्या आवडत्या त्रिशब्दी घोषणेत शिक्षणानंतर संघटना येते आणि संघर्ष शेवटी. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेतील इंग्रजी भाषणात मात्र शिक्षणानंतर चळवळ आहे आणि संघटना शेवटी. हे भाषण इंग्रजी खंडांपैकी सतराव्याच्या तिसऱ्या भागात आहे. त्या तरुणाला आम्ही दोन्ही गोष्टी कळवल्या. त्याने प्रामाणिकपणे आपल्या गटात तसे लिहिले. लगेच दोघांनी विचारले, ''मग खात्री कुठे करायची?''

या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक गावात असले पाहिजे. विहाराच्या कपाटाची किल्ली गावात राहणाऱ्याकडे, शक्यतो शिकलेल्या मुलीकडे द्या. पुस्तकांची यादी करून गटात टाका. गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हा, तेथे बाबासाहेबांचे खंड आहेत का ते विचारा, नसतील तर लेखी मागणी करा. आणि यापुढे बाबासाहेबांच्या नावाने कोणताही विचार पुढे पाठवताना त्याखाली खंड आणि पान लिहा. लिहिता येत नसेल तर पाठवू नका. ग्रंथाला हार घालणे सोपे आहे. बाबासाहेबांना ग्रंथ उघडणारा समाज हवा होता.

जय भीम!