आपले, परके आणि हादरणारी जमीन : आठ चकित करणाऱ्या गोष्टी

वंशद्वेष, निर्वासित आणि भूकंप-पूर. वरवर पाहता तीन वेगळे विषय. पण सामाजिक मानसशास्त्राचे अभ्यास चाळले, की तिन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न सापडतो : आपण आपलं कुणाला म्हणतो? त्याची ही आठ उत्तरं. काही धक्का देणारी, काही उभारी देणारी.

1. ठिपके मोजले नि गट पडले!
1970 च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी शाळकरी मुलांना पडद्यावर ठिपके दाखवून त्यांची संख्या विचारली. मग ‘जास्त सांगणारे’ आणि ‘कमी सांगणारे’ असे गट जाहीर केले. खरं तर वाटणी मनाला येईल तशी केली होती. पुढे पैसे वाटायची वेळ आली. स्वतःला दमडीही मिळणार नव्हती, तरी मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण ‘त्यां’च्यापेक्षा जास्त हवं! ताजफेल स्वतः पोलंडचे ज्यू. जर्मनांच्या कैदेत ते खरी ओळख लपवून वाचले. घरची माणसं मात्र नाझींच्या नरसंहारात गेली.

2. शिक्षण तेच, नाव वेगळं
अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी पॉल ॲटवेल यांच्यासोबत नोकरीच्या जाहिरातींना हजारो अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. 2007 मध्ये निष्कर्ष छापून आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत पुढचं बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांशच होती.

3. एकाच संघात खेळा
इराकमध्ये आयसिसमुळे घरदार सोडावं लागलेल्या ख्रिश्चन खेळाडूंसाठी संशोधक सल्मा मूसा यांनी फुटबॉल स्पर्धा भरवल्या. काही संघांत मुस्लिम खेळाडू घातले, काहींत नाही. मिश्र संघांतले ख्रिश्चन खेळाडू स्पर्धा संपून सहा महिने झाले तरी मुस्लिमांबरोबर सराव करताना जास्त दिसले. मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांशी वागताना मात्र फारसा फरक पडला नाही. उत्तर प्रदेशातल्या गावांत मॅट लो यांनी क्रिकेटवर असाच प्रयोग केला. वेगवेगळ्या जातींची मुलं एका संघात आली तेव्हा मैत्री वाढली. समोरासमोर उभी ठाकली तेव्हा उलट घडलं.

4. आकड्यांनी पाझर फुटत नाही
सीरियाच्या युद्धात लाखो माणसं मेली, जग पाहत राहिलं. सप्टेंबर 2015 मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या एका सीरियन चिमुकल्याच्या मृतदेहाचा फोटो आला. स्वीडनमध्ये रेडक्रॉसच्या सीरियन निर्वासित निधीला रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या आठवडाभरात शंभरपटीहून जास्त झाली. सहा आठवड्यांत ती लाट ओसरलीसुद्धा.

5. तुम्ही काय बरोबर घ्याल?
2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकन लोकांना विचारलं : उद्या देश सोडून पळावं लागलं तर कुठे जाल, सोबत काय न्याल? एवढा विचार केल्यावर निर्वासितांच्या बाजूने राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहायला तयार होणारे वाढले. परिणाम अल्पकाळच टिकला, पण खर्च किती? दोन-तीन प्रश्नांचा!

6. घर शाबूत, तरी अफवा
15 जानेवारी 1934 चा बिहारचा भूकंप. जमीन हादरली, पण घरं उभी राहिली अशा भागात अफवा उठल्या : पाटण्यावर चक्रीवादळ येणार, चंद्रग्रहणाला पुन्हा मोठा भूकंप होणार. मानसशास्त्रज्ञ जमुना प्रसाद यांनी त्या टिपून ठेवल्या. पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांना त्यात कोडं दिसलं : घाबरलेली माणसं आणखी भीतिदायक गोष्टी का पसरवतात? त्यांचं उत्तर असं, की मनात भीती होती, डोळ्यांपुढे कारण नव्हतं. अफवेने ते पुरवलं. मानसशास्त्रातला एक गाजलेला सिद्धांत घडला, त्यात या अफवांचा मोठा वाटा आहे.

7. टोकियो 1923, कोबे 1995
1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपानंतर टोकियो परिसरात आवई उठली : कोरियन लोक विहिरींत विष कालवताहेत. गल्लोगल्ली टोळ्या उभ्या राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचं, एक अवघड जपानी रक्कम म्हणायला लावायची; उच्चार चुकला की जीव गेला. हजारो निरपराध कोरियन मारले गेले. आता दुसरी बाजू पाहा. 17 जानेवारी 1995 ला कोबे हादरलं. तिथल्या नागाता भागात कोरियन वस्ती आणि व्हिएतनामी निर्वासित होते. या वेळी कोरियन आणि व्हिएतनामी भाषांत रेडिओ सुरू झाला. पाणी कुठे, आसरा कुठे, ज्याला त्याला आपल्या भाषेत कळू लागलं. खरी माहिती सगळ्यांपर्यंत पोचवणं हीसुद्धा आपत्तीची तयारीच.

8. गर्दी वेडी होत नाही
7 जुलै 2005 ला लंडनच्या भुयारी रेल्वेत बॉम्बस्फोट झाले. वाचलेल्यांशी मानसशास्त्रज्ञ जॉन ड्रुरी आणि सहकारी बोलले. अंधारात अनोळखी माणसांनी एकमेकांना धीर दिला, जखमा बांधल्या, होतं तेवढं पाणी वाटून घेतलं. संकट सगळ्यांचं एकच, म्हटल्यावर परके आपले झाले. त्याच महिन्यात 26 तारखेला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस कोसळला आणि मुंबईकरांनी अडकलेल्या अनोळखी लोकांसाठी घरांची दारं उघडली.

मग आपण काय करायचं? आपत्कालीन पिशवीत बॅटरी, औषधं, कागदपत्रांच्या झेरॉक्स ठेवाल, तेव्हा शेजाऱ्यांचे फोन नंबरही ठेवा. एकट्या राहणाऱ्या आजींचा, वॉचमनचा, नुकत्याच आलेल्या परप्रांतीय कुटुंबाचा. ‘पुन्हा मोठं संकट येणार’ किंवा ‘अमक्या लोकांनी केलंय’ असा मेसेज आला तर पुढे ढकलू नका. बिहार आणि टोकियो आठवा. आणि सोसायटीच्या क्रिकेटचे संघ पाडताना ओळखीपाळखीने पाडू नका. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाका!