घरातले दुकान, दूरचे गिऱ्हाईक

'घरबसल्या उद्योग' हे शब्द अलीकडे खेड्यापाड्यांतही आपल्या कानांवर वारंवार पडतात. हातात मोबाईल असला की दुकान काढता येते. गाळा नको, भाडे नको, नोकर नको. घरी बसावे आणि मुंबई-कोलकात्याच्या गिऱ्हाइकाला माल विकावा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण यातला 'बसल्या' हा शब्द मात्र मोठा फसवा आहे. हा धंदा बसून होत नाही. तो कसा होतो, त्यात रोज काय काय करावे लागते आणि पैसा नेमका कोठे गळतो, ते आज एका उदाहरणाने पाहू या.

उदाहरण अजिंठ्याचे घेऊ. लेणी पाहायला गेलेल्या प्रत्येकाला तिथले दगड विकणारे आठवत असतील. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी ठेवायची, तेथून चार किलोमीटर बसने जायचे, आणि उतरतो न उतरतो तोच "साहेब, क्रिस्टल बघा" म्हणून कोणीतरी तळहातावर एक चमचमता दगड पुढे करतो. हे दगड म्हणजे काही जादू नव्हे. आपले दख्खनचे पठार सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे बनलेले आहे. रस थंड होत असताना वायूचे बुडबुडे आत अडकले आणि काळ्या कातळात पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपले आणि त्यातल्या क्षारांचे स्फटिक जमले. आपल्या ओळखीची गारगोटी ही त्यांतलीच एक. शिवाय स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, सुयांच्या जुडीसारखा दिसणारा स्कोलेसाइट, पाण्यासारखा स्वच्छ किंवा हिरवट अपोफिलाइट अशी मंडळी आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळाभोर कॅव्हान्साइट तर जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. विहीर खणताना, खडीच्या खाणीत सुरुंग लावताना हे दगड हाती लागतात.

हा धंदा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशावर चालतो. पावसात तो पातळ होतो, सोमवारी लेणी बंद म्हणून धंदा बंद. आणि मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने लेणी बंद झाली ती त्या वर्षाच्या डिसेंबरपर्यंत उघडली नाहीत. जे कुटुंब प्रवाशाच्या खिशावर जगते त्याने त्या महिन्यांत काय करायचे? दूरच्या गिऱ्हाइकाला माल विकण्याचा विचार अशा वेळी कोणाच्याही मनात येणारच. गिऱ्हाईक येत नसेल, तर दगड गिऱ्हाइकाकडे पाठवू.

आता समजा, फर्दापूरच्या किंवा अजिंठा गावातल्या एका घराने हे मनावर घेतले. घरात नवरा-बायको, म्हातारी सासू आणि शाळेत जाणारी दोन मुले. माल ओळखीचा आहे, मोबाईल आहे. मग अडचण कसली?

पहिली अडचण अशी की, लेण्यांपाशी गिऱ्हाईक दगड हातात घेतो, उन्हात धरतो, वजन अजमावतो. दूरचा माणूस यातले काहीच करू शकत नाही. तो घेतो ते छायाचित्र. दगड नंतर येतो. अजिंठ्याला हा अनुभव नवा नाही बरे का! मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल १८४४ साली लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्यासाठी आला आणि अनेक वर्षे अजिंठा गावात राहिला. त्याच्या नकला लंडनला गेल्या, आणि तिथल्या लोकांनी अजिंठा पाहिला तो त्या नकलांतून. १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मूळ वस्तू येथे आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा माणूस तेथे, मध्ये फक्त एक चित्र. ऑनलाइन धंद्याचे सारे मर्म एवढ्यात आहे.

म्हणून छायाचित्र काढणे हे यातले सगळ्यात जबाबदारीचे काम होय. भर उन्हात काढले तर दगड पांढराफटक दिसतो, दिव्याखाली पिवळा. सकाळी ओटीवर, सावलीच्या उजेडात काढलेले चित्र बरे येते. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे म्हणजे आकार कळतो. काही जण दगड ओला करून चित्र काढतात, कारण ओल्या दगडाचा रंग गडद दिसतो. काही जण मोबाईलवरच रंग चढवतात. विक्री होते, यात शंका नाही. पण आठ दिवसांनी तोच दगड कोरडा होऊन गिऱ्हाइकाच्या टेबलावर पोहोचतो आणि तिथून परत निघतो. रंगवलेले दगड बाजारात मिळतात. तसा दगड विकायला हरकत नाही, मात्र 'रंगवलेला' असे स्पष्ट लिहिले पाहिजे. कायदाही हेच सांगतो. ग्राहक संरक्षणाचे ई-व्यापारविषयक नियम २०२० साली आले. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. स्वतःच गिऱ्हाईक बनून स्वतःच्या मालाची स्तुती लिहिणे, हेही त्याच नियमांनी वर्ज्य केले आहे.

दुसरे काम बांधणीचे. ते आपल्याला वाटते त्यापेक्षा फार नाजूक आहे. गारगोटीचा गोळा कसाही गुंडाळा, पोहोचेल. पण स्कोलेसाइटच्या सुया बोटाच्या धक्क्याने मोडतात. कागदात गुंडाळले की कागदच त्या मोडतो! असा दगड खालच्या बाजूने घट्ट बसवावा लागतो आणि सुयांभोवती मोकळी जागा सोडून पेटीला आणखी एक पेटी घालावी लागते. आता गंमत पाहा. पेटी मोठी झाली की खर्च वाढतो, कारण पुष्कळ कुरियरवाले नुसते वजन पाहत नाहीत, पेटी किती जागा अडवते तेही मोजतात. म्हणजे पेटी लहान केली तर दगड मोडतो आणि मोठी केली तर नफा मोडतो. यावर तोड एकच : फार नाजूक माल दूर पाठवूच नये, तो लेण्यांपाशी हातात देऊन विकावा. कोणता माल पाठवायचा नाही हे कळणे, हीही या धंद्यातली एक विद्या आहे.

आता हिशेबाकडे वळू. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. नफा-तोट्याच्या पाठाला उपयोगी पडेल. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, आपापल्या गावचे घालावेत. एक दगड २५० रुपयांना घेतला आणि ६०० रुपयांना विकला. ऐकणारा म्हणतो, साडेतीनशे सुटले! थांबा. बांधणीला ४० रुपये, पाठवणीला ९० रुपये, आणि ज्या कंपनीच्या बाजारपेठेवर विकला तिचे कमिशन शेकडा १५ धरले तर ९० रुपये. राहिले १३०. असे दहा दगड विकले तर १,३०० रुपये.

पण दहाच्या दहा कधी गिऱ्हाइकाकडे राहत नाहीत. समजा दोन परत आले. एक वाटेत मोडला, एक 'रंग वेगळा आहे' म्हणून. कंपनीने त्या दोहोंचे कमिशन सोडले असेही धरू. आठ दगडांचे ४,८०० रुपये आले. खर्च पाहा : गेलेले आठ आणि मोडलेला एक अशा नऊ दगडांचे २,२५०, दहा वेळच्या बांधणीचे ४००, दहा वेळच्या पाठवणीचे ९००, परतीच्या दोन फेऱ्यांचे १८०, आठांचे कमिशन ७२०. एकूण ४,४५०. हाती राहिले ३५० रुपये! दोन दगड परत आले आणि १,३०० चे ३५० झाले. प्रत्येक दगडामागे धुणे, चित्र काढणे, वर्णन लिहिणे, प्रश्नांना उत्तरे देणे आणि बांधणे मिळून पाऊण तास धरला तरी साडेसात तास झाले. ते तास घरात गेले म्हणून कोणी मोजत नाही. आणि बहुधा ते घरच्या बाईचे असतात, म्हणून तर मुळीच मोजत नाही. माझे स्पष्ट मत आहे की, वहीत या तासांचा रकाना असावा, आणि ज्या खात्यात पैसे येतात ते खाते जी राबते तिच्या नावाचे असावे.

घरचा दिवस कसा जातो तेही पाहू. सकाळी उजेड चांगला असतो, त्याच वेळी मुलांचे डबे आणि पाणी भरणे असते. दुपारी वीज गेली तर मोबाईल उतरतो. मोबाईल घरात एकच, तो घेऊन यजमान लेण्यांकडे गेले तर गिऱ्हाइकाचा प्रश्न तसाच पडून राहतो. शहरातले गिऱ्हाईक रात्री दहाला विचारते, "खालून मोडलेला आहे का? मागच्या बाजूचे चित्र पाठवा." लगेच उत्तर गेले नाही तर ते दुसरीकडे वळते. पार्सल घेण्याची पोस्टाची वेळ टळली की सगळे उद्यावर जाते. छत्रपती संभाजीनगर येथून सुमारे १०० किलोमीटर, जळगाव सुमारे ६०. चांगली पेटी किंवा चिकटपट्टी हवी म्हणून रोज कोण जाणार? महिन्याचे सामान एकदम आणावे लागते, म्हणजे तेवढे पैसे आधी अडकतात. माल पोहोचल्यावरही बाजारपेठवाल्या कंपन्या पैसे काही दिवसांनी देतात. उधारीवर दगड घेतला असेल तर देणेकरी तोवर दारात उभा.

पैसे घरपोच रोख घेण्याची सोय गिऱ्हाइकाला फार आवडते. विकणाऱ्याला ती महाग पडते. जुन्या माणसांना व्ही. पी. आठवत असेल. पुण्या-मुंबईहून पुस्तक किंवा औषध व्ही. पी.ने मागवायचे आणि पोस्टमन दारात आला की "मी मागवलेच नाही" म्हणायचे, असे महाभाग तेव्हाही होते. आजही तेच, मागवणे बोटाच्या टोकावर आले आहे एवढाच फरक. न सोडवलेले पार्सल परत येते आणि जाण्यायेण्याचा भुर्दंड आपल्यावर बसू शकतो. नव्या माणसाने आगाऊ पैसे भरणाऱ्यांपासूनच सुरुवात केलेली बरी.

आगाऊ पैसे घेतानाही एक डोळा उघडा ठेवावा. "तुम्हाला पैसे पाठवतो, हा क्यू.आर. कोड मोबाईलवर उघडा आणि तुमचा पिन घाला," असे कोणी म्हणाले तर तो ठक समजावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो देताना. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची आशा जास्त.

आता कराचे थोडे. जी.एस.टी.चे नाव काढले की आपल्याकडे लोक बिचकतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून एक सवलत आहे : वर्षाची उलाढाल वस्तूंसाठी ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल (महाराष्ट्रात ४० लाख रुपये) आणि माल आपल्याच राज्यात विकायचा असेल, तर बाजारपेठेच्या कंपनीमार्फत विकण्यासाठी जी.एस.टी.ची पूर्ण नोंदणी लागत नाही, जी.एस.टी.च्या पोर्टलवर एक नोंद क्रमांक घ्यावा लागतो. मात्र तोच दगड पुण्याऐवजी हैदराबादला जाणार असेल तर ही सवलत लागू नाही. नियम बदलतात, तेव्हा वर्षातून एकदा जाणकाराला विचारून घ्यावे. आणि दगड ज्याच्याकडून घेतला त्याची पावती जपून ठेवावी. माल कोठून आला, असा प्रश्न उद्या कोणीही विचारू शकतो.

परदेशी गिऱ्हाइकाचाही विचार करायला हरकत नाही. डाक विभागाने २०२२ पासून 'डाक घर निर्यात केंद्रे' सुरू केली आहेत. निर्यातीचा नोंदणी क्रमांक काढला की सीमाशुल्काचा कागद या केंद्रांमार्फत ऑनलाइन भरता येतो, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. दगडांना परदेशात मागणी आहे ती संग्राहकांची, आणि संग्राहक फार चिकित्सक असतो. तो दगडाबरोबर त्याचे गाव विकत घेतो. आपल्याकडे विकणाऱ्याची सवय अशी की कोणताही दगड 'अजिंठ्याचा' म्हणून खपवायचा. लेणी ही संरक्षित वास्तू, तिथला दगड काढता येत नाही आणि काढूही नये. आणि लेण्यांपाशी विकला जाणारा माल जळगावकडच्या खाणीतला असू शकतो किंवा पुण्याकडचाही. जाणत्या संग्राहकाला ते स्फटिक पाहून पुष्कळदा ओळखू येते, आणि मग तो त्या दुकानाकडे पुन्हा फिरकत नाही.

यात गावच्या शाळेतल्या शिक्षकांनी हातभार लावण्यासारखा आहे. गारगोटी कोणती, कॅल्साइट कोणता, हे ओळखण्याची साधी कसोटी भूगोल-विज्ञानाच्या शिक्षकाला दाखवता येईल : गारगोटीने काच ओरखडते, कॅल्साइटने ओरखडत नाही. मग प्रत्येक दगडाबरोबर पोस्टकार्डाच्या चतकोराएवढी एक चिठ्ठी घालावी. तिच्यावर खनिजाचे नाव, दगड जिथे निघाला ते गाव, तालुका, जिल्हा, विहिरीतला की खाणीतला, आणि कोणत्या महिन्यात हाती आला, एवढे लिहावे. रंगवलेला किंवा डिंकाने जोडलेला असेल तर तेही तिथेच, त्याच अक्षरात लिहावे.